वेदनेचा वैद्य कोठें शोधावा?

ताप आला तर तो मोजतां येतो. हाड मोडलें तर तें चित्रांत दिसतें. रक्तांतील साखर वाढली तर तिचा आंकडा कागदावर उमटतो. वेदनेचें तसें नाहीं. ज्याला ती होते त्याच्यावांचून दुसऱ्या कोणालाहि ती दिसत नाहीं. तिच्या खटल्यांत फिर्यादीहि तोच आणि साक्षीदारहि तोच. त्यामुळें ज्या घरांत एखाद्याचें दुखणें महिनोगणती रेंगाळतें, त्या घरांत पहिल्या पंधरवड्यांत सहानुभूति असते, पुढें सवय होते, आणि वर्षअखेरीस शंका डोकावूं लागते. "सर्व तपासण्या तर चांगल्या आल्या, मग दुखतें तें काय?" हा प्रश्न घरांतील मंडळी तोंडानें विचारोत वा न विचारोत, दुखणाऱ्या माणसाला तो त्यांच्या चेहऱ्यावर वाचतां येतो.

अशा माणसानें कोणत्या डॉक्टरकडे जावें? शहरांत डॉक्टरांची वाण नाहीं. उलट त्यांची विपुलता हीच अडचण होऊन बसते. आधुनिक वैद्यकानें शरीराची वांटणी अवयववार केली आहे. हाडें व सांधे एकाकडे, मेंदू व मज्जातंतु दुसऱ्याकडे, मन तिसऱ्याकडे. ही वांटणी ज्ञानाच्या वाढीस आवश्यक होती, ह्यांत संशय नाहीं. परंतु वेदना ह्या सीमा पाळीत नाहीं. ती कमरेंत उगम पावते, पोटरीपर्यंत कळ नेते, रात्रीची झोप नासवते, मनाला उदास करते, आणि शेवटीं माणसाची नोकरी, फिरणें, चारचौघांत जाणें हें सर्व एकेक करून हिरावून घेते. प्रत्येक तज्ज्ञ आपापला भाग तपासून "माझ्या बाजूनें कांहीं नाहीं" असें प्रामाणिकपणें सांगतो, आणि रोगी पुन्हां रस्त्यावर येतो.

ह्या सगळ्या गोष्टींचा एकत्र विचार करणारी वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा आहे. तिचें इंग्रजी नांव फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, संक्षेपानें पी. एम्. आर्. मराठींत तिला भौतिक वैद्यक व पुनर्वसन म्हणतां येईल. ह्या शाखेच्या डॉक्टरला फिजिअ‍ॅट्रिस्ट म्हणतात. सुशिक्षित घरांतूनहि हें नांव फारसें ठाऊक नसतें. आपल्याकडे 'पुनर्वसन' हा शब्द ऐकला कीं धरणाच्या पाण्याखालीं गेलेलीं गांवें आणि उठून गेलेलीं कुटुंबें डोळ्यांपुढें येतात. थोडा विचार केला तर हा अर्थ येथेंहि लागू पडतो. जुनाट वेदनेनें माणूस आपल्याच आयुष्यांतून विस्थापित होतो. त्याला तेथें पुन्हां वसवावयाचें, हेंच ह्या डॉक्टरचें काम.

ही शाखा वयानें लहान आहे. १९३८ सालीं अमेरिकेंत फ्रँक क्रुसेन ह्यांनीं अशा डॉक्टरांसाठीं फिजिअ‍ॅट्रिस्ट हा शब्द सुचविला, आणि १९४७ सालीं तिकडे ह्या विषयाचें स्वतंत्र परीक्षामंडळ स्थापन झालें. दुसऱ्या महायुद्धानें तिला खरी चालना दिली. अमेरिकन वायुदलांतील डॉक्टर हॉवर्ड रस्क ह्यांच्या असें ध्यानांत आलें कीं, शस्त्रक्रिया यशस्वी होऊनहि सैनिक आठवडेच्या आठवडे खाटेवर नुसते पडून असतात आणि त्यांतच अधिक दुबळे होतात. जखम भरली म्हणजे वैद्याचें काम संपलें ही समजूत त्यांनीं मोडून काढली, आणि माणूस आपल्या कामावर परत गेला म्हणजेच उपचार पुरा झाला, हा विचार रूढ केला.

आपल्याकडेहि हा प्रवाह लवकरच आला. पुण्यास लष्करानें १९४४ सालीं कृत्रिम अवयव केंद्र उघडलें. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत १९५० सालीं कमलाबाई निंबकर ह्यांनीं व्यवसायोपचाराचें शिक्षण सुरू केलें. कमलाबाई जन्मानें अमेरिकन, विवाहानें महाराष्ट्रीय; रोग्याला पुन्हां स्वतःच्या हातानें जेवतां, लिहितां, शिवतां यावें, ह्यासाठीं झटणारी ही विद्या ह्या देशांत त्यांनीं रुजविली. १९५५ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या साह्यानें मुंबईस हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली. ती आजहि चालू आहे. दक्षिणेंत वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. मेरी वर्गीस ह्यांनीं ह्या शाखेचा पाया घातला. १९५४ सालच्या मोटार-अपघातांत त्यांचा कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. त्यांनीं चाकांच्या खुर्चींत बसून शस्त्रक्रिया केल्या, पुढें न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्राचें शिक्षण घेतलें, आणि परत येऊन इतरांना उभें करण्यांत आयुष्य वेंचलें. ह्या शाखेची दृष्टि काय आहे, हें त्यांच्या चरित्रावरून व्याख्येपेक्षां लवकर कळतें.

आतां ह्या डॉक्टरची पद्धति इतरांहून कशी वेगळी, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. उपनगरांत राहणारी, बँकेंत नोकरी करणारी, बावन्न वर्षांची एक गृहिणी आहे असें धरूं. दिवाळीच्या साफसफाईंत धान्याचा डबा उचलतांना तिची कंबर धरली. आठ दिवस विश्रांति, शेक आणि गोळ्या ह्यांवर भागलें. पण दुखणें पुरतें गेलें नाहीं. तीन महिन्यांनीं एम्. आर्. आय्. काढला, त्यांत 'मणक्याची गादी सरकली' असें निघालें. मग कमरेचा पट्टा आला, दहा दिवस यंत्रानें शेक आला, शेजारणीनें सांगितलेला हाडवैद्य झाला, तेल झालें, लेप झाले. बाई वांकेनाशी झाली. पोळ्या सून करूं लागली, भजनी मंडळ सुटलें, गाडींत उभें राहणें नको म्हणून रजा वाढत गेली. अकराव्या महिन्यांत एकीकडे शस्त्रक्रियेचा विचार आणि दुसरीकडे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, अशीं दोन कागदपत्रें तिच्या टेबलावर पडलीं. दोन्हीं असे निर्णय कीं, एकदां घेतले म्हणजे मागें फिरतां येत नाहीं.

फिजिअ‍ॅट्रिस्टचा पहिला प्रश्न चित्रावर नसतो. "दुखतें कोठें?" ह्याबरोबरच तो विचारतो, "दुखण्यामुळें आतां काय करतां येत नाहीं?" मग तो तिला चालावयास, वांकावयास, खुर्चीवरून हात न टेकतां उठावयास सांगतो, टांचांवर व चवड्यांवर उभी करतो, पायांचें बळ, स्पर्शज्ञान व हातोडीनें प्रतिक्षिप्त क्रिया पाहतो, झोप किती लागते, दिवसांत किती तास बसून काम असतें, खुर्ची कशी आहे, घरांत काय चाललें आहे, हें विचारतो. जरूर वाटली तर मज्जातंतूंची विद्युत्परीक्षा करतो. समजा, ह्या बाईच्या पायांचें बळ शाबूत आहे, मज्जातंतु दबल्याची खूण नाहीं. परंतु नितंबाचे व पोटाचे स्नायु वापरावांचून अशक्त झाले आहेत, झोप चार तासांवर आली आहे, आणि वांकलें तर गादी आणखी सरकेल ह्या भयानें तिनें कमरेची हालचालच बंद केली आहे. मग उपचार शस्त्रक्रियेचा उरत नाहीं. सकाळसंध्याकाळ दहा मिनिटें चालणें आणि दर आठवड्यास त्यांत थोडी भर, ठराविक व्यायाम, कामावर अर्ध्या अर्ध्या तासानें उठणें, झोपेची शिस्त, आणि थोड्या मुदतीपुरतें औषध. लक्ष्य 'वेदना शून्य' असें लिहिलें जात नाहीं. 'सहा आठवड्यांत दोन स्टेशनांपर्यंत गाडींत उभें राहून जातां यावें' असें लिहिलें जातें. तें साधलें म्हणजे पुढचें. वेदना एकदम जाणार नाहीं. कदाचित् थोडी कायमचीच राहील. परंतु स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मात्र फडताळांत परत जाईल, आणि हा लाभ सामान्य नव्हे.

येथें कोणी म्हणेल कीं, चित्रांत गादी सरकलेली स्पष्ट दिसत असतां ती दुर्लक्षावी कशी? ह्याला उत्तर आहे. २०१५ सालीं अमेरिकेंतून प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनांत, कंबर मुळींच न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या चित्रांचा एकत्र विचार केला होता. विसाव्या वर्षींच शेंकडा ३७ जणांत मणक्यांच्या गाद्या झिजल्याच्या खुणा होत्या. ऐंशीव्या वर्षीं तें प्रमाण शेंकडा ९६ होतें. म्हणजे केस पांढरे होतात, कातडीला सुरकुत्या पडतात, तशाच ह्याहि वयाच्या खुणा बहुधा असतात. चित्र खोटें नसतें. परंतु चित्रांत जें दिसतें तेंच दुखण्याचें कारण, हें दर वेळीं खरें नसतें. चित्र आणि प्रत्यक्ष तपासणी ह्यांचा मेळ बसला तरच त्या चित्राला अर्थ येतो.

जुन्या वेदनेचें शास्त्रहि ह्या संबंधांत थोडें समजून घेतलें पाहिजे. नवी वेदना ही राखणदार आहे. विस्तवावर हात पडला तर ती हात मागें घेववते. परंतु तीन महिन्यांहून अधिक टिकलेली वेदना वैद्यकांत जुनाट गणली जाते, आणि तिचा स्वभाव निराळा असतो. १९६५ सालीं रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल ह्या दोघां संशोधकांनीं असा सिद्धांत मांडला कीं, वेदनेचा संदेश मेंदूकडे जातांना पाठीच्या कण्यांत त्याला जणूं एक दार ओलांडावें लागतें. स्पर्श, हालचाल, भय, लक्ष ह्या सर्वांनीं तें दार कमीअधिक उघडतें व मिटतें. आपटलेला गुडघा आपण नकळत चोळतो, त्याचें मर्म येथें आहे. त्या सिद्धांतांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. पण मेंदु व मज्जासंस्था वेदना नुसती वाहून नेत नाहींत, तिला घडवितातहि, ही गोष्ट कायम झाली. चोर पकडला गेल्यावरहि घंटा वाजतच राहावी, तशी जुनाट वेदना मूळ इजा भरून आल्यावरहि वाजत राहूं शकते. वेदनेच्या अभ्यासासाठीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९७९ सालीं केलेली वेदनेची व्याख्या २०२० सालीं सुधारली, आणि तिच्या जोडीला स्पष्ट टीप दिली कीं, एखादा माणूस मला वेदना होते असें सांगतो तेव्हां त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. दुखणारें माणूस ढोंगी नाहीं, हें आतां केवळ दयेचें म्हणणें राहिलें नसून शास्त्राचेंहि म्हणणें झालें आहे.

मग हा डॉक्टर शोधावा कसा? प्रथम नांवांचा घोंटाळा दूर करावा. फिजिओथेरपिस्ट आणि फिजिअ‍ॅट्रिस्ट हे शब्द कानाला सारखे लागतात. व्यक्ति मात्र दोन आहेत. फिजिओथेरपिस्ट हा व्यायाम, हस्तोपचार व यंत्रोपचार ह्यांचा शिकलेला तज्ज्ञ. वेदनानिवारणांतील प्रत्यक्ष मेहनतीचा मोठा भाग त्याच्याच हातून होतो आणि त्याचें महत्त्व तिळभरहि कमी नाहीं. फिजिअ‍ॅट्रिस्ट हा एम्. बी. बी. एस्. नंतर ह्या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो निदान करतो, औषध देतो, सांध्यांत इंजेक्शन देतो, पट्टे व आधार ठरवितो, आणि फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ ह्यांच्या कामाची एकत्र आंखणी करतो. तिसरे वेदनातज्ज्ञ, ते बहुधा मूळचे भूलतज्ज्ञ असून विशिष्ट मज्जातंतूंजवळ सुईनें औषध पोंचविणें इत्यादि क्रियांत निष्णात असतात. सांधे सुजत असतील आणि सकाळीं उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ अंग आंखडलेलें राहत असेल, तर संधिवाततज्ज्ञाकडे आधीं जावें. कर्करोगाच्या वेदनेची वाट आणखी निराळी. तेथें उपशामक उपचारांचे डॉक्टर लागतात, आणि मॉर्फिनसारखें औषध तेथें भय न बाळगतां, योग्य देखरेखीखालीं, घेतलें पाहिजे.

पाटीवरील अक्षरें नीट वाचावीं. एम्. डी. किंवा डी. एन्. बी. ह्यांच्यापुढें कंसांत पी. एम्. आर्. असेल, किंवा त्याच विषयाची पदविका असेल, तर तो डॉक्टर ह्या शाखेचा. 'वेदनामुक्ति केंद्र', 'पाठीचे तज्ज्ञ' ह्या पदव्या नव्हेत. त्या पाटी रंगविणाऱ्याच्या कुंचल्यांतून उतरतात. प्रत्येक डॉक्टरनें आपला नोंदणी-क्रमांक दवाखान्यांत लावावा व औषधाच्या चिठ्ठीवर लिहावा, असा २००२ सालच्या वैद्यकीय आचारविषयक विनियमांत नियम आहे. तो क्रमांक विचारणें हा उद्धटपणा नव्हे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीपुस्तकांत, तसेंच २०२० सालापासून जुन्या भारतीय वैद्यक परिषदेच्या जागीं आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदणींत, डॉक्टरचें नांव व पदवी पडताळून पाहतां येते. त्यासाठीं कचेरींत खेटे घालावे लागत नाहींत, घरच्या संगणकावर काम होतें. फिजिओथेरपिस्टांसाठींहि महाराष्ट्रांत स्वतंत्र राज्य परिषद आहे.

रुग्णालयांत चौकशी करतांना 'पी. एम्. आर्. विभाग' किंवा 'पुनर्वसन विभाग' असें विचारावें. नुसतें 'फिजिओथेरपी' म्हटलें तर बहुधा यंत्रांच्या खोलीकडे बोट दाखविलें जातें. मुंबईकरांना हाजीअलीची संस्था आहे. दिल्लीस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व सफदरजंग रुग्णालय, लखनौस किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, दक्षिणेंत वेल्लोर, येथें ह्या शाखेचे जुने विभाग आहेत. त्या त्या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीं तें ध्यानांत ठेवावें. सरकारी संस्थेंत रांग असते आणि वेळ मोडतो. परंतु सर्व तज्ज्ञ एका छपराखालीं भेटतात व खर्च आटोक्यांत राहतो. भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संघटना १९७२ सालीं स्थापन झाली. तिच्या सभासदांतूनहि आपल्या गांवाजवळचा डॉक्टर सांपडूं शकतो.

तथापि सत्य हें कीं, असे डॉक्टर आपल्या देशांत लोकसंख्येच्या मानानें फार थोडे, आणि तेहि बहुतेक मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या आईवडिलांसाठीं काय करावें? एक मार्ग असा: निदान व आंखणी ह्यांपुरती शहरांत एकदोनदां भेट घ्यावी, रोजची मेहनत गांवच्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी, आणि मधली विचारपूस दूरध्वनीवरून वा दृक्‌ध्वनिभेटीनें व्हावी. अशा दूरस्थ सल्ल्यासाठीं केंद्र सरकारनें मार्च २०२० मध्यें नियम करून दिले आहेत. घरचा जुना डॉक्टर ह्या सर्वांत सोडूं नये. रोग्याचा रक्तदाब, मूत्रपिंड, पूर्वीचीं औषधें हें सर्व त्यालाच ठाऊक असतें, आणि त्याची चार ओळींची चिठ्ठी बरोबर असली म्हणजे नव्या डॉक्टरचा अर्धा वेळ वांचतो.

भेटीस जातांना जुने अहवाल तारखेवार लावून न्यावे. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी, आणि तींत आयुर्वेदिक काढे, दुकानांतून परस्पर आणलेल्या गोळ्या, मित्रानें दिलेलीं 'चांगलीं' इंजेक्शनें, हें कांहींहि लपवूं नये. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या महिनोगणती घेतल्यास जठरांत व्रण होऊं शकतात, मूत्रपिंडांना अपाय होतो, रक्तदाब वाढतो. घेतलेल्या गोळ्यांचा खरा हिशेब डॉक्टरला मिळाला नाहीं तर धोका रोग्यालाच असतो. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ह्यांसारखीं औषधें चालू असतील तर तीं आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नयेत.

आणखी एक साधन मराठी माणसाजवळ आहे आणि त्याचा तो उपयोग करीत नाहीं. दवाखान्यांत गेला कीं तो एवढेंच म्हणतो, "फार दुखतें." वस्तुतः वेदनेचे किती प्रकार आपल्या भाषेनें वेगळे ओळखले आहेत! ठणका निराळा, कळ निराळी. चमक, उसण, शिणक, सल, ओढ, जळजळ, मुंग्या, बधिरपणा, प्रत्येकाची जात वेगळी. हे भेद केवळ शब्दालंकार नव्हेत. जळजळ, मुंग्या आणि विजेसारखी पायांत उतरणारी चमक ह्यांनीं डॉक्टरचें लक्ष मज्जातंतूंकडे वळतें. पहांटेचा आंखडलेपणा जो हिंडल्याफिरल्यावर सुटतो, त्यावरून दाहाची शंका येते. ओझें उचलल्यावर वाढणारी आणि टेकल्यावर थांबणारी कळ ही सांधे व स्नायु ह्यांची बहुधा असते. ज्या मायबोलींत आजीनें दुखणें सांगितलें तिच्यांतच तें सांगावें. इंग्रजी येणाऱ्या नातवानें तिच्या आठ शब्दांचें एका 'पेन' मध्यें भाषांतर करूं नये.

चांगल्या डॉक्टरची ओळख कांहीं खुणांनीं पटते. तो ऐकतो, आणि हात लावून तपासतो. उपचाराचें लक्ष्य काय, तें किती आठवड्यांत साधावयाचें, न साधल्यास पुढें काय, हें तो सांगतो. दुसऱ्या डॉक्टरचें मत घ्या म्हटल्यास तो रागावत नाहीं. उलट, पहिल्याच भेटींत संपूर्ण बरें करण्याची हमी देणारा, चाळीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणारा, चित्र पाहूनच शस्त्रक्रियेचा दिवस ठरविणारा, किंवा नांव न सांगतां पुड्या देणारा, ह्यांच्यापासून दूर राहावें. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जुनाट कंबरदुखीसाठीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत रोग्याला समजावून सांगणें, व्यायाम, मानसोपचार ह्यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून ओढणें व अफूच्या वर्गांतील औषधें हीं नेहमींच्या उपचारांत नसावींत असें म्हटलें आहे. आपल्याकडे पट्टा आणि वजन हेच उपचार म्हणून आरंभीं पुढें येतात, हें लक्षांत घेतां हा सल्ला घराघरांत पोंचला पाहिजे.

मात्र धीर धरावयाचा तो कोठें आणि धांवावयाचें कोठें, हें ठाऊक असलें पाहिजे. कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, पायांतली शक्ति झपाट्यानें कमी होऊं लागली, तर उद्यांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. तेथें कांहीं तासांनींहि फरक पडतो. ताप येत असेल, कारण नसतां वजन घटत असेल, पूर्वीं कर्करोग होऊन गेला असेल, पडल्याझडल्यानंतर दुखणें सुरू झालें असेल, किंवा रात्रीं स्वस्थ पडूनहि वेदना वाढतच असेल, तरी तपासणी लांबणीवर टाकूं नये. अशा प्रसंगीं शस्त्रक्रियाहि लागेल, आणि ती वेळेवर करून घेणें हेंच शहाणपण होय.

शेवटीं घराविषयीं. आपल्या समाजांत सोशीकपणा हा गुण मानला जातो, आणि तो विशेषतः बायकांच्या पदरीं बांधला जातो. 'कधीं तक्रार केली नाहीं' ही गृहिणीची मोठी स्तुति. परंतु न सांगितलेली वेदना कमी होत नाहीं. ती फक्त उशिरा कळते, आणि तोंवर पहिल्या तीन महिन्यांचा सोन्यासारखा काळ हातचा गेलेला असतो. दुसऱ्या टोंकाला अति माया असते. दुखतें म्हणून घरांतलीं सर्व कामें काढून घेतलीं, उठूं दिलें नाहीं, पाण्याचा पेला जागेवर आणून दिला, कीं त्या प्रेमानेंच माणूस पंगु होतो. काम काढून घेण्याऐवजीं त्याचे तुकडे करून द्यावे, सगळ्या पोळ्या नकोत, चार लाटाव्या आणि बसावें, उद्यां पांच. चालावयास जातांना पहिला महिनाभर घरांतल्या कोणीतरी बरोबर जावें. आठवड्यांतून एखादा दिवस दुखणें उसळी घेईल. त्या दिवशीं व्यायाम थोडा करावा, सोडूं नये, आणि तेवढ्यावरून डॉक्टर बदलूं नये. निदान सहा आठवडे एका आंखणीस द्यावे.

पहिल्या भेटीच्या आदल्या रात्रीं दुखणाऱ्या माणसानें आणि घरांतल्या एका जाणत्या माणसानें मिळून कागदावर एक वाक्य लिहावें: दुखण्यामुळें सुटलेली कोणती गोष्ट प्रथम परत हवी आहे. मंडईपर्यंत चालत जाणें, नातवाला उचलून घेणें, देवापुढें मांडी घालून बसणें, काय वाटेल तें असो. पण एकच असावी आणि मोजतां येईल अशी असावी. तो कागद अहवालांच्या वर ठेवून डॉक्टरच्या हातीं प्रथम द्यावा. तो वाचून जो डॉक्टर पुढचे प्रश्न विचारील, त्याच्याकडे उपचार सुरू करावे.